हजार संगणकांचं तोंड बंद ठेवण्याचा खटाटोप

शाळेच्या गणितात काळ, काम आणि वेग नावाचं एक प्रकरण असतं. सहा मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर बारा मजूर ती किती दिवसांत बांधतील? उत्तर चार. या प्रकरणातले मजूर फार सज्जन असतात. ते तंबाखू मागत नाहीत, ‘घमेलं कुठं ठेवलंस रे’ असं विचारत नाहीत, आणि अठ्ठेचाळीस जणांना बोलावून भिंत एका दिवसात उभी करा म्हटलं तरी कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीला लागत नाही. हे उत्तर तपासायला एखाद्या खऱ्या मुकादमाकडे दिलं, तर तो शून्य मार्क देऊन चहा प्यायला निघून जाईल.

संगणकवाल्यांनी मात्र या प्रकरणावर बरीच वर्षं भाबडा विश्वास ठेवला. एका यंत्राला हजार तास लागतात ना, मग हजार यंत्रं लावू, तासाभरात काम फत्ते. यंत्रं आणली, तारांनी जोडली, काम वाटून दिलं. मग मोजायला बसल्यावर दिसलं की यंत्रांचा मोठा वेळ आकडेमोडीत जातच नाही. तो जातो एकमेकांना निरोप धाडण्यात, आलेले निरोप उघडण्यात आणि न आलेल्या निरोपांची वाट पाहत बसण्यात. दहा जणांत प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं असेल तर ४५ जोड्या होतात, शंभरात ४,९५० आणि हजारात ४,९९,५००. आयबीएमचा प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळून पोळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली हेच गणित माणसांच्या बाबतीत मांडलं होतं: रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली की तो आणखी रखडतो. यंत्रांना हा नियम लागू नसावा, अशी लोकांची समजूत होती. यंत्रांची तशी काही समजूत नव्हती.

यात निसर्गाचाही हात आहे. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. अमेरिकी नौदलातल्या ग्रेस हॉपर तेवढ्या लांबीचे तारेचे तुकडेच पिशवीत घालून व्याख्यानाला जात आणि ‘हा तुमचा नॅनोसेकंद’ म्हणून श्रोत्यांच्या हातात ठेवत. आजच्या उत्तम जाळ्यावरही एका यंत्राचा निरोप शेजारच्या यंत्राला पोचायला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात एक कोअर काही हजार बेरजा-गुणाकार उरकून मोकळा होतो. गंमत अशी की निरोप एका अक्षराचा असो की पानभर, सुरुवातीचा खर्च साधारण तेवढाच. नमनालाच घडाभर तेल. हिशेब स्वस्त आणि बोलणं महाग, हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं समजतं: इतक्या वर्षांतली या क्षेत्रातली भलीभली डोकी यंत्रांना गप्प कसं बसवायचं याच विवंचनेत खर्ची पडली आहेत.

या विवंचनेचा मूळपुरुष संगणकाच्याही आधीचा आहे. ल्युइस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होता, आणि फावल्या वेळात हवामानाची समीकरणं हाताने सोडवत होता. २० मे १९१० या दिवसाचं सहा तासांचं भाकीत काढायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. म्हणजे आधीच वरातीमागून घोडं, त्यात ते घोडंही लंगडं: उत्तर आलं की हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढला. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. मधल्या धामधुमीत त्याचं हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. दुसरा कोणी असता तर हा दैवी संकेत मानून गप्प बसला असता. रिचर्डसनने १९२२ साली त्याचं पुस्तक काढलं.

त्या पुस्तकात एक कल्पनाचित्र आहे. नाट्यगृहासारखं प्रचंड गोल सभागृह, आतल्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगवलेला, छतावर उत्तर ध्रुव, तळाशी अंटार्क्टिका, आणि सज्ज्यासज्ज्यांत बसून आकडेमोड करणारी चौसष्ट हजार माणसं. प्रत्येकाकडे नकाशाचा एक तुकडा. मधोमध खांबावर एक संचालक. जो गट फार पुढे पळाला असेल त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडलेल्यांवर निळा. महत्त्वाची गोष्ट बोलण्याच्या व्यवस्थेत आहे. रिचर्डसनच्या चौसष्ट हजारांत कोणीही उठून कोणाला काही विचारायला जात नाही. प्रत्येकाजवळ एक छोटी दिव्याची पाटी असते, तिच्यावर त्याचा ताजा आकडा झळकतो आणि फक्त शेजारी तो वाचतात. इंग्लंडच्या तुकड्याला ऑस्ट्रेलियात आत्ता काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या, एकही यंत्र नसलेल्या या कारखान्यात निरोप कमी करण्याचा सगळ्यात मोठा मंत्र येऊन गेला होता: शेजाऱ्याशी बोला, गावाशी नको.

पुण्यात हा मंत्र १९८८ नंतर आला. अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा महासंगणक देताना बरेच आढेवेढे घेतले. मागितला होता त्यापेक्षा धाकटा दिला, तोही हवामानाच्या कामापुरता, दिल्लीला. त्या खटक्यातून सी-डॅक ही संस्था पुण्यात उभी राहिली. मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच्या पोटात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या चिपची खासियत अशी की प्रत्येकीला चार तोंडं, म्हणजे शेजारणींना जोडायचे चार दुवे. चार दिशांना चार शेजारणी. पाचवीशी बोलायचं तर निरोप मधल्या कोणाच्या तरी हातून जाणार. त्यामुळे ‘परम’वर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिला विचार पडायचा तो गणिताचा नव्हे, तर कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचं याचा.

पुढे काळ बदलला, आणि त्याच क्रे कंपनीचं एक्ससी-४० हे यंत्र ‘प्रत्युष’ नाव धारण करून ८ जानेवारी २०१८ रोजी थेट पुण्यात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत रुजू झालं. क्षमता चार पेटाफ्लॉप. कोणी काही बोललं नाही, पण जुन्या लोकांना गंमत वाटली असणार.

हवामानाच्या कामात शेजारधर्माचा हिशेब नीट दिसतो. समजा एका नोडला, म्हणजे जाळ्यातल्या एका यंत्राला, नकाशाचा १०० बाय १०० चौकोनांचा तुकडा दिला. चौकोन दहा हजार. शेजाऱ्यांना कळवायचे ते फक्त कडेचे, ३९६. शंभर चौकोनांचं काम केलं तर चारांबद्दल बोलायचं, म्हणजे अगदी मितभाषी गृहस्थ. आता कोणी उत्साही माणूस म्हणाला, शंभरपट नोड लावू, शंभरपट लवकर होईल. त्याच तुकड्याचे १० बाय १० चे शंभर तुकडे झाले. आता प्रत्येकाकडे चौकोन शंभर आणि त्यांतले कडेचे ३६. काम विभागून हलकं झालं, पण बडबड शेकडा चारावरून शेकडा छत्तीसवर गेली. तुकडा जितका लहान, तितकी त्याला कडच जास्त. अंगण कमी आणि कुंपण फार.

बरं, शेजाऱ्याशीच बोलून भागतं असंही नाही. जगभराच्या हवामानाची बरीच प्रतिमानं, पाषाणला चालवलेलं साडेबारा किलोमीटरचं प्रतिमानही त्यांतलंच, हवेचं वर्णन पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लाटांच्या बेरजेने करतात. गणित सुरेख आहे. पण लाट अख्ख्या अक्षवृत्तावर पसरलेली असते, त्यामुळे तिचा हिशेब करायला त्या वर्तुळावरचा प्रत्येक आकडा लागतो. विदर्भातल्या एका चौकोनातली वाफ मेक्सिकोचा आकडा बाळगणाऱ्या नोडलाही कळवावी लागते, आणि तेही हिशेबाच्या प्रत्येक पायरीला. याला ‘ऑल-टू-ऑल’ म्हणतात. साध्या मराठीत, गावजेवणाचं आमंत्रण. यावर उपाय म्हणून तज्ज्ञ आकडे दोनदा फिरवतात, आधी उभ्या रांगांत आणि मग आडव्या रांगांत, म्हणजे एका वेळी सगळ्या गावाऐवजी फक्त आपल्या गल्लीशी बोललं तरी चालतं.

एकूण प्रश्नाला गणितज्ञांनी हात घालावा हे ओघानेच आलं. १९८१ साली हाँग आणि कुंग यांनी सिद्ध केलं की अमुक गणिताला किमान तमुक इतकी ने-आण करावीच लागते, त्याखाली कोणालाही जाता येणार नाही. म्हणजे मौनालाही एक सिद्ध केलेली मर्यादा आहे. त्या मर्यादेला जाऊन भिडणाऱ्या रीती शोधण्याचा उद्योग बर्कलीच्या जेम्स डेमेल आणि मंडळींनी केला. त्यांची नेहमीची युक्ती भारी आहे: शेजाऱ्याला आकडा विचारण्यापेक्षा तोच आकडा आपणही काढायचा. दोघांनी एकच काम दोनदा केलं, तरी विचारण्यापेक्षा स्वस्त पडतं. ओबामांच्या काळात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१२ च्या अंदाजपत्रकी मागणीत या संशोधनाचा उल्लेख केला होता. कमी बोलण्याच्या शास्त्राचं कौतुक संसदेपुढे गेल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

आता थोडं छोट्या निरोपांबद्दल. १९८४ साली फोर्ड एरोस्पेसमध्ये जॉन नेगल नावाच्या अभियंत्याला दिसलं की दूरच्या यंत्रावर कोणी टंकायला बसला की प्रत्येक अक्षरागणिक एक वेगळं पॅकेट निघतं. अक्षर एक बाइटचं, आणि वरचं पत्ते-शिक्क्यांचं वेष्टण चाळीस बाइटचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला इथपर्यंत मराठी माणूस समजू शकतो. इथे एका आण्याच्या कोंबडीला चाळीस आण्यांचा मसाला होता. नेगलने सोपा उपाय काढला: आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत नवी अक्षरं साठवून ठेवायची, पोच आली की एकदम पाठवायची.

इथवर सगळं ठीक. पण त्याच सुमारास दुसरीकडे कोणाच्या तरी मनात आलं की नुसत्या पोचपावतीसाठी वेगळं पॅकेट कशाला? जरा थांबू, नाहीतरी उत्तर जाणारच आहे, त्याच्याच पाठीवर पोच बसवून देऊ. हाही बचतीचाच विचार. मग दोन्ही बचती समोरासमोर आल्या. इकडचा म्हणतो, तुमची पोच आल्याशिवाय उरलेला मजकूर पाठवणार नाही. तिकडचा म्हणतो, उरलेला मजकूर आल्याशिवाय उत्तर नाही, आणि उत्तराशिवाय पोच नाही. दोन काटकसरी व्याही मांडवाच्या दारात एकमेकांकडे बघत उभे. शेवटी साधारण दोनशे मिलिसेकंदांनी पोचवाल्याचा धीर सुटतो आणि गाडी पुढे सरकते. माणसाला ते जाणवतही नाही. दर मायक्रोसेकंद मोजणाऱ्या क्लस्टरला मात्र ते युग वाटतं. त्यामुळे असल्या ठिकाणी नेगलची युक्ती बंद करणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालण्याची वहिवाट पडली. आपल्या उपायाला नाहक बोल लागला, खरा दोष पोच लांबवणाऱ्यांचा, अशी तक्रार नेगल यांनी पुढे कितीतरी वर्षं केली, आणि ती खोटी नाही.

गूगलने २००४ साली मॅपरिड्यूस ही अनेक यंत्रांत काम वाटण्याची रीत जगापुढे मांडली तेव्हा तिचं ठरीव उदाहरण होतं शब्द मोजण्याचं. मराठीत कल्पून पाहा. हजार यंत्रांवर पुस्तकं वाटून दिली आणि सांगितलं, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजा. एका यंत्राच्या वाट्याच्या पानांत ‘आहे’ चाळीस हजार वेळा आलं. बिनडोक पद्धतीत ते यंत्र ‘आहे, १’, ‘आहे, १’ अशा चाळीस हजार चिठ्ठ्या बेरीज करणाऱ्या यंत्राकडे धाडतं. हजार यंत्रांच्या चिठ्ठ्या एकाच दारावर. तिकडे ‘चिलखत’ मोजणारं यंत्र माश्या मारत बसलेलं. जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी यावर ‘कंबाइनर’ नावाची पायरी ठेवली: घरातून निघण्याआधी घरातल्या घरात बेरीज करा आणि ‘आहे, ४०,०००’ अशी एकच चिठ्ठी पाठवा. एवढंच. सुचल्यावर वाटतं, यात काय मोठंसं? पण न सुचणाऱ्यांची संख्या इतकी आहे की स्पार्क ही याच जातीची प्रणाली शिकलेल्या उमेदवाराला हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत मुलाखतीत हमखास हाच प्रश्न येतो: ‘ग्रुपबायकी’ वापराल की ‘रिड्यूसबायकी’? पहिलं सगळ्या चिठ्ठ्या आधी गोळा करतं, दुसरं घरीच बेरीज करून निघतं. उमेदवार बरोबर उत्तर देतो, नोकरीला लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात पहिलं वापरतो.

घरी बेरीज करण्यातही एक खड्डा आहे. बेरजेची बेरीज चालते, सरासरीची सरासरी चालत नाही. एका यंत्राकडे १० आणि १० असले तर सरासरी १०. दुसऱ्याकडे एकटा ४०, सरासरी ४०. दोन्हींची सरासरी २५, आणि खरं उत्तर २०. म्हणून शहाणं यंत्र सरासरी पाठवत नाही. बेरीज आणि मोजदाद असे दोन आकडे पाठवतं. एक आकडा जास्त बोलून खोटं टाळता येतं, ही सवलत या शास्त्रात मान्य आहे.

काही कामांत सगळ्यांना सगळं कळवणं भागच असतं. तिथे कामाला आली कुजबूज. झेरॉक्स कंपनीच्या जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रांत रोज रात्री मेळ घातला जाई, आणि मेळ चुकला की टपालाने फेरकळवणी होई. एखादी नोंद तीनशे ठिकाणी असेल तर एका रात्रीत नव्वद हजार पत्रं निघू शकत, आणि सगळं जाळं मान टाकी. १९८७ साली तिथल्या अॅलन डीमर्स आणि सहकाऱ्यांनी साथीच्या रोगांचा अभ्यास वापरून नवा बेत मांडला. ज्याला बातमी कळली त्याने कोणा एकाला गाठून सांगायची. समोरचा ‘हो, कालच कळलं’ म्हणाला की सांगणाऱ्याचा उत्साह जरा मावळायचा. असं होत होत तो त्या बातमीत रस घेणंच सोडतो. शिवाय दूरच्यांपेक्षा जवळच्यांना जास्त वेळा गाठायचं, म्हणजे अटलांटिकपार इंग्लंडला जाणाऱ्या दुव्यावरचा भार अनेक पटींनी उतरतो. माणसांच्या कुजबुजीत आणि यंत्रांच्या कुजबुजीत फरक एवढाच की ‘कालच कळलं’ ऐकून माणसाचा उत्साह मावळलेला कोणी पाहिलेला नाही.

कधी निरोपापेक्षा हजेरी जड जाते. सगळ्यांनी एका टप्प्यावर थांबायचं आणि शेवटचा आल्यावरच पुढे निघायचं, याला ‘बॅरिअर’ म्हणतात. २००३ साली लॉस अलामॉसच्या संशोधकांनी आपल्या ‘एएससीआय क्यू’ या ८,१९२ प्रोसेसरांच्या यंत्राची चौकशी केली, कारण ते अपेक्षेच्या निम्म्याच वेगाने चालत होतं. प्रत्येक नोडवर चार प्रोसेसर. चारही जुंपण्यापेक्षा तीनच जुंपले आणि चौथा रिकामा ठेवला, तर काम लवकर होत होतं! कारण नोडवरची किरकोळ कामं, म्हणजे नोंदी ठेवणं, प्रकृतीची विचारपूस, अधूनमधून कोणत्या तरी प्रोसेसरला क्षणभर उठवायची, आणि तो एक उठला की हजेरीला बाकीचे हजारो ताटकळायचे. रिकामा चौथा ही किरकोळ कामं बघू लागला आणि बाकीचे सुखाने कामाला लागले. मोठ्या घरातला बेकार काका कशासाठी असतो, याचं इतकं शास्त्रशुद्ध उत्तर यापूर्वी कोणी दिलं नव्हतं.

सध्याची सगळ्यात मोठी बडबड कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणात चालते. हजारो चिप प्रत्येक पायरीला ‘मी हे शिकले’ असं एकमेकींना सांगतात. त्या शिकण्याला ग्रॅडियंट म्हणतात, आणि तो लहान नसतो. उबरने २०१७ साली काढलेल्या ‘होरोव्होड’ या साधनात सगळ्या चिप वर्तुळात उभ्या राहतात आणि प्रत्येक जण फक्त उजवीकडच्याला देतो, डावीकडच्याकडून घेतो. वर्तुळात आठ असोत की आठशे, प्रत्येकाला स्वतःच्या सामानाच्या दुपटीहून जास्त काही पाठवावं लागत नाही. होरोव्होड हे रशियातल्या हातात हात धरून फेर धरण्याच्या लोकनृत्याचं नाव. मंगळागौरीच्या बायका त्या कंपनीत असत्या तर नाव वेगळं पडलं असतं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने या बडबडीची झडती घेतली. त्यांना आढळलं की देवाणघेवाणीतला ९९.९ टक्के भाग अनावश्यक आहे. त्यांनी फक्त मोठे बदल पाठवले. बारीकसारीक बदल घरीच साठवले आणि साठून मोठे झाले की पाठवले. चित्रं ओळखणाऱ्या एका प्रसिद्ध जाळ्याचा ९७ मेगाबाइटचा निरोप ०.३५ मेगाबाइटवर आला आणि शिकण्यात काही उणं पडलं नाही. २०२३ साली गूगल डीपमाइंडने आणखी पुढची पायरी गाठली: आठ ठिकाणच्या यंत्रांनी आपापलं शिकत राहायचं आणि पाचशे पायऱ्यांतून एकदाच एकमेकांना कळवायचं. परिणाम जवळपास तोच. एवढं सगळं होईपर्यंत ती यंत्रं एकमेकांना नक्की काय सांगत होती, हा प्रश्न कोणीतरी त्यांना विचारायला हवा होता.

आणि जिथे काहीच जमत नाही तिथे तारच सोडून द्यायची. १९९९ साली सुरू झालेल्या सेटी-अॅट-होममध्ये परग्रहवासीयांचा शोध घरोघरच्या संगणकांवर चाले. घरोघरच्या संगणकांना एकमेकांशी बोलायचंच नसे, प्रत्येकाने आपली पुडी सोडवून परत द्यायची. पण पोर्टो रिकोच्या आरेसिबो दुर्बिणीचा मूळ डेटा बर्कलीला पोचे तो टेपांवर, टपालाने. एप्रिल २०१७ मध्ये कृष्णविवराचं चित्र काढण्यासाठी जगभरच्या दुर्बिणींनी मिळून निरीक्षणं केली, तेव्हाही डेटा इतका झाला की हार्ड डिस्कांची खोकी विमानाने मॅसॅच्युसेट्स आणि बॉनला धाडावी लागली. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीची खोकी मात्र तिथेच अडकली, कारण अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तिथून विमान निघत नाही. ती डिसेंबरात पोचली. आठ महिन्यांच्या या विलंबाबद्दल फारशी आदळआपट झाली नाही. आकाशगंगेच्या मध्यातून तो निरोप निघाल्याला तोवर सुमारे सत्तावीस हजार वर्षं झालीच होती.